काढून टाकलेला लांडगा

नमस्कार मंडळी. हे सदर मी गेली तीन-चार वर्षं वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, टिंगल करायलाच वाचतोय. बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचं, "बघ, यांच्याकडे पण पांढऱ्या साडीतली आली," आणि दोघांनी हसायचं, असा आमचा जेवणानंतरचा कार्यक्रम. मी कॉम्प्युटरचा माणूस आहे. आमच्या धंद्यात स्क्रीनवर एखादी गोष्ट दिसली तर ती कोणीतरी तिथे ठेवलेली असते. आपणहून काही येत नाही. भूतबीत सोडाच, मी राशिभविष्याचा रकानासुद्धा वाचत नाही.

आणि आता मीच लिहायला बसलोय. हसायचं तर खुशाल हसा... मी तुमच्यावर भरपूर हसून घेतलंय, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

मी मूळचा अकोल्याचा, अकरा वर्षं झाली पुण्यात. हडपसरला मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. आम्ही सगळे मिळून सात जण, चौथ्या मजल्यावर एक हॉल आणि पाणी नेमकं आपल्याला तहान लागली की संपणारं एक मशीन. गेल्या वर्षी आमच्याकडे एक वेगळंच काम आलं. निसर्गाचं काम करणाऱ्या एका संस्थेला गेम हवा होता, प्राणी वाचवण्यासाठी.

वाघोलीच्या पुढे नगर रोड सोडून आत गेलं की अजून थोडा माळ शिल्लक आहे. एका बाजूला टॉवर उठतायत, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली दगडाची खाण, मध्ये गुडघाभर गवत. लोक त्याला पडीक जमीन म्हणतात. संस्थेचं म्हणणं असं की ती पडीक नाही. तिथे चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे. पण ते भर दुपारी रांगेत येऊन उभे राहत नाहीत, म्हणून कोणाला पटत नाही. मग आम्ही काय करायचं, तर माणूस माळावर गेला आणि त्याने फोनचा कॅमेरा समोर धरला, की समोरच्या खऱ्या गवतात आमचा चिंकारा चरताना दिसला पाहिजे. तुम्ही त्याच्याभोवती फिरू शकता, वाकून बघू शकता. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. खऱ्यावर खोटं चिकटवायचं, एवढंच समजा.

कुठला प्राणी कुठे ठेवायचा, हे ठरवायचं काम संस्थेने बर्वे बाईंना दिलं होतं. बाई म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, वय अडुसष्ट. येरवड्याला धाकट्या बहिणीबरोबर, विमलताईंबरोबर राहतात. हातात छत्री, पिशवीत वही, आणि फोन अजून बटणांचा. वाघोलीपर्यंत बसने जायचं आणि पुढे चालत सुटायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं व्रत. पहिल्याच भेटीत मी चिंकाऱ्याला हरीण म्हणालो. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "अहो निलेश, तुम्ही केलेल्या प्राण्याची शिंगं दरवर्षी गळणार आहेत का? नाही ना? मग त्याला हरीण म्हणू नका." आमच्या अकोल्याकडे एवढं बोलायच्या आधी माणसाला निदान चहा तरी पाजतात.

पण बाईंचं काम चोख होतं. त्यांनी दोन नियम घालून दिले होते आणि ते दोन्ही मीच प्रोग्राममध्ये बसवले. पहिला नियम, पुराव्याशिवाय प्राणी ठेवायचा नाही. एकतर गेल्या दोन वर्षांतला फोटो हवा, नाहीतर दोन जाणत्या माणसांनी एकाच जागी उभं राहून पाहिलेला हवा. गेमने खोटं बोलायचं नाही, असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम खाणीचा. खाणीचा काठ ढिसूळ मुरमाचा आहे, आणि फोनमध्ये डोकं घालून चालणाऱ्या पोरांचा काय भरवसा? म्हणून नकाशावर खाणीभोवती लाल पट्टा, आणि त्या पट्ट्यात काहीही झालं तरी एकही प्राणी दिसणार नाही.

भांडण लागलं ते लांडग्यावरून.

माळाच्या पश्चिमेच्या अंगाला बाईंनी एक लांडगा ठेवायला लावला होता. पुरावा म्हणाल तर एक फोटो, तोही पाच वर्षांपूर्वीचा. बाईंनी स्वतः डिसेंबरात एक लांडगा पाहिला होता, पण एकटीने, आणि कॅमेरा नसताना. म्हणजे त्यांच्याच नियमात बसत नव्हता. मिळेल पुरावा, मिळेल, असं म्हणत त्यांनी दोन महिने ढकलले. सोमवारी संस्थेला गेम द्यायचा होता, आणि आदल्या शुक्रवारी मीटिंगमध्ये मी तो विषय काढला.

विषय काढला ते ठीक होतं. पण मला तेवढ्यावर थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "बाई, नियम तुमचाच आहे. सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर मी काढून टाकतो. की 'आजीबाईच्या गोष्टी' म्हणून वेगळा विभाग करू?"

सगळे हसले. साहेबसुद्धा. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि बस चुकेल म्हणून उठून गेल्या. मला त्या क्षणी फार भारी वाटलं होतं हे कबूल करतो. अकरा वर्षं पुण्यात राहून शेवटी मलाही जमलं, असं वाटलं.

रविवारी दुपारी जेवून मी ऑफिसात गेलो. बाकी कोणी नव्हतं, खाली फक्त वॉचमन. फेब्रुवारीचा शेवट, ऊन चांगलंच तापलेलं. मी लांडगा काढला. नुसता नकाशावरून नाही. त्याचं चित्र, त्याच्या हालचाली, सगळंच गेममधून काढून टाकलं, म्हणजे उगाच वजन नको. मग नवा गेम तयार करून टेस्टच्या फोनवर टाकला.

आता इथे आमची एक कामाची पद्धत सांगायला हवी. प्रत्येक वेळी वाघोलीला कोण जाणार? म्हणून आम्ही फोनला खोटा पत्ता देतो. फोन हडपसरला टेबलावर असतो, पण त्याला वाटतं आपण माळावर आहोत. मग कॅमेरा चालू केला की माळावरचे प्राणी आमच्या ऑफिसात दिसतात. चिंकारा खुर्च्यांमध्ये चरतोय, खोकड प्रिंटरखाली बसलंय, असं सगळं. पहिला आठवडा मजा वाटते, मग कोणी बघतही नाही.

मी सगळ्या जागा तपासल्या. चिंकारा होता, खोकड होतं, तरस होता. पश्चिमेला लांडगा नव्हता. झालं काम. फोन बंद करणार, तेवढ्यात नकाशावर एक ठिपका दिसला. खाणीच्या काठावर, लाल पट्ट्याच्या आत. ठिपक्यावर बोट ठेवलं तर नाव आलं — लांडगा.

घाबरलो वगैरे अजिबात नाही, वैतागलो. रविवार वाया जाणार असं वाटलं. फोनमध्ये जुन्या गेमचं काहीतरी अडकलं असणार, म्हणून मी गेम पूर्ण काढला, परत टाकला. ठिपका तिथेच. दुसरा फोन घेतला, ज्याच्यावर आमचा गेम कधीच नव्हता. त्याच्यावर टाकला. ठिपका तिथेच. म्हटलं, बघू तरी काय भानगड आहे, आणि फोनला खाणीच्या काठाचा खोटा पत्ता देऊन कॅमेरा चालू केला.

पाण्याच्या मशीनसमोरच्या मोकळ्या जागेत लांडगा बसला होता.

बसला होता, हे नीट लक्षात घ्या. आमच्या लांडग्याला तीन गोष्टी येत होत्या. चालणं, जमीन हुंगणं आणि मान वर करून ओरडणं. बसणं आम्ही केलंच नव्हतं. हा कुत्रं बसतं तसा पुढचे पाय टेकून बसला होता, आणि मान खाली घालून फरशीकडे बघत होता. टक लावून. मी त्याच्याभोवती फिरलो. आमच्या गेममधला प्रत्येक प्राणी, तुम्ही जवळ गेलात की मान वळवून तुमच्याकडे बघतो. पोरांना आवडतं म्हणून ते मीच बसवलंय. हा बघेना. मी पुढे गेलो, बाजूला गेलो, अगदी तोंडाशी फोन नेला. त्याचं लक्ष खाली ते खालीच. आणि जवळून दिसलं की डाव्या कानाचं टोक नाही. तुटलेलं, जुनं. आमच्या लांडग्याचे दोन्ही कान धड होते, त्या कानांवर आम्ही दोन दिवस घालवले होते.

मी वेळ पाहिली, तीन वाजून पाच मिनिटं. काही फोटो घेतले, थोडा व्हिडिओ घेतला, सोमवारी कोणाला तरी दाखवून हा घोळ कोणाचा ते विचारायला. आणि मग मला तो रोग परत उपटला. वाटलं, बाईंना फोन करू. म्हणू, बाई, तुमचा लांडगा काढला तरी जात नाही हो.

बाईंचा फोन लागेना. म्हणून घरच्या नंबरवर केला. विमलताईंनी उचलला, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "ताई तुमच्याकडे आहे का?"

बाई सकाळी सहाला घरातून निघाल्या होत्या. पिशवीत पाण्याची बाटली आणि भाच्याकडून मागून घेतलेला कॅमेरा. बाराला जेवायला येते म्हणाल्या होत्या. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाल्या, ऑफिसातल्या लोकांना पुरावा हवाय, तो आणायला. विमलताईंनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, कारण ऑफिसातले लोक म्हणजे कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शुक्रवारचं ते सगळ्यांचं हसणं मला जसंच्या तसं ऐकू आलं, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने मीच हसत होतो.

गाडी काढली. मुंढवा, खराडी, पुढे नगर रोड. रविवारीसुद्धा त्या रस्त्याला काय धाड भरलेली असते देव जाणे. माळाला लागून बबनरावांची जमीन आहे. आमच्या गेमच्या चाचण्या त्यांच्याच बांधावरून चालायच्या, बाईंची त्यांची जुनी ओळख. सव्वाचारला मी त्यांच्या दारात पोचलो. त्यांनी सांगितलं की सकाळी बाई जाताना दिसल्या होत्या, पश्चिमेच्या अंगाला, नेहमीसारख्या. परत जाताना काही पाहिलं नाही, पण बाई कधी कधी पलीकडच्या रस्त्यानेही जातात.

कोणीही शहाणा माणूस पश्चिमेला शोधायला गेला असता. लांडग्याची जागा पश्चिमेला, बाई गेल्या पश्चिमेला. खाण अगदी उलट्या टोकाला. मी तेव्हा काय विचार केला असं बायको मला सारखं विचारते. मी काही विचार केला नाही. मी बबनरावांना म्हणालो, खाणीकडे चला.

"तिकडं कशाला?" ते म्हणाले. "बाई खानीकडं जात न्हाईत. आमालाच दम देत्यात, तिकडं फिरकू नका म्हनून."

मी म्हटलं, फोनमध्ये दिसलं. बबनरावांनी मान डोलावली, चपला घातल्या आणि माझ्या गाडीवर मागे बसले. हल्ली फोनमध्ये सगळंच दिसतं, त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही.

खाणीच्या काठावर एका जागी मुरूम ताजा ढासळलेला होता. मी जिवाच्या आकांताने हाका मारायला लागलो. दोन-तीन हाका झाल्या आणि खालून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"ओरडू नका. मला ऐकू येतं."

आयुष्यात कुठल्याही पुणेरी टोमण्याने मला इतका आनंद झालेला नाही. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. बबनराव मात्र तोवर शेजारच्या खडी फोडायच्या मशिनवर पळत जाऊन दोन माणसं, दोर आणि एक बाज घेऊन आले. बाई दोन पुरुष खोल एका कपारीत पडल्या होत्या. उजवा पाय मांडीत मोडलेला, ओठ फुटलेले, बाटली रिकामी. फोन आणि कॅमेरा दोन्ही आणखी खाली साचलेल्या पाण्यात गेले होते. ट्रकच्या जुन्या वाटेने उतरून, त्यांना बाजेवर बांधून वर आणायला पाऊण तास लागला. आणताना माझ्याच्याने राहवेना. मी म्हणालो, बाई, परवा मी जे बोललो, त्याबद्दल मला माफ करा. बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आधी बाजेचा पाय नीट धरा. मी तिरकी होतेय."

नगर रोडवरच्या हॉस्पिटलात नेलं. पायात सळई घालावी लागली. डॉक्टरांनी विमलताईंना बाजूला घेऊन सांगितलं की रात्र तिथे निघाली असती तर अवघड होतं. खाणीत कोणी गेलं नसतं, हे मीच मनात म्हटलं. त्या लाल पट्ट्यामुळे आमच्यापैकी कोणाला तिकडे जायचं सुचलंच नसतं.

सोमवारी मी ऑफिसात सगळं उकरून पाहिलं. गेममध्ये लांडगा नव्हता. चित्र नव्हतं, नावसुद्धा नव्हतं. जे नाव मी ठिपक्यावर वाचलं, तो शब्दच त्या गेममध्ये कुठे नव्हता. लाल पट्ट्याचा नियम जागच्या जागी होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने स्वतः तासभर तपासलं आणि म्हणाली, निलेश, तू थकलायस. मग मी फोटो उघडले. पाण्याचं मशीन, फरशी, माझ्या बुटाचं टोक. लांडगा नाही. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे, तो अजून आहे माझ्याकडे. रिकाम्या जागेभोवती कॅमेरा फिरतोय आणि माझा वैतागलेला आवाज येतोय, "अबे, इकडं पाय ना जरा. काहून पायत नाही?" चिडलो की माझं अकोला बाहेर येतं, पाय म्हणजे बघ. ते मी फरशीला म्हणतोय.

तिसऱ्या दिवशी बाईंना भेटायला गेलो. विमलताई डबा आणायला घरी गेल्या होत्या. मी स्टुलावर बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो की बाई, मी खाणीकडे कसा आलो ते तुम्हाला...

"थांबा," बाई म्हणाल्या. "बोलू नका. लिहा."

मला काही कळेना. त्यांनी उशाखालून औषधांच्या दोन जुन्या चिठ्ठ्या काढल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली. मग समजावून सांगितलं. रानात दोन माणसांनी काही पाहिलं, तर आधी एकमेकांशी बोलायचं नाही. बोललं की एकाचं पाहिलेलं दुसऱ्याच्या डोक्यात शिरतं. आधी दोघांनी आपापलं लिहायचं, मग कागद बदलायचे. तीस वर्षं विद्यार्थ्यांकडून त्यांनी हेच करून घेतलं होतं. म्हणजे बाईंकडेही काहीतरी सांगण्यासारखं होतं, हे माझ्या डोक्यात शिरलं.

मी लिहिलं. दुपारी तीन पाच. लांडगा. खाणीच्या काठावर. बसलेला. मान खाली, खाली बघत होता. डाव्या कानाचं टोक तुटलेलं.

बाईंनी सावकाश लिहिलं. सलाईनचा हात, अक्षर हललेलं. कागद बदलले. बाईंच्या कागदावर होतं: दुपारी साधारण अडीच ते गाडीचा आवाज येईपर्यंत. लांडगा, मादी. वर काठावर बसून. सबंध वेळ माझ्याकडे खाली बघत. डावा कान टोकाला तुटका.

त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी येताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्यांनी सांगितलं. सकाळी पश्चिमेला पावलांचे ठसे मिळाले होते, कुत्र्याचे नव्हेत, ताजे. ते धरत धरत त्या सबंध माळ ओलांडून खाणीपर्यंत आल्या. काठाच्या जवळ जायचं नाही हा नियम त्यांचाच, पण ठसा पुढे जात होता, आणि सोमवार जवळ आला होता. दहाच्या सुमाराला मुरूम सुटला. खाली पडल्यावर बराच वेळ शुद्ध नव्हती. आली तेव्हा वर ती बसलेली. "मला वाटलं, ही मी मरायची वाट बघतेय," बाई म्हणाल्या. "पण ती फक्त बसून राहिली. मी झोपायला लागले की उठून उभी राहायची आणि काठावरून खडे खाली यायचे. मग मला जाग यायची."

मीही ऑफिसात फोनमध्ये ठिपका आणि लांडगा कसा दिसला ते सांगितलं आणि विचारलं, मग आता वहीत नोंद करणार ना? दोघांनी पाहिलं, दोन कागद जुळतात.

बाईंनी नाक ओढलं. "कशी करणार? नियम काय आहे? दोघं एकाच जागी हवेत. तुम्ही हडपसरला होतात."

मग त्यांनीच विचारलं, जे विचारू नये म्हणून मी तीन दिवस देवाला विनवत होतो. म्हणाल्या, "रविवारी सुट्टीचे तुम्ही ऑफिसात काय करत होतात?"

खोटं बोलता आलं असतं. सोमवारचं काम होतं, तपासायचं होतं, काहीही. पण त्या दोन कागदांकडे बघून जीभ रेटेना. मी म्हणालो, "लांडगा काढायला गेलो होतो, बाई."

"काढलात?"

"हो. काहीच ठेवलं नाही."

बाईंनी दोन्ही कागदांची एकत्र घडी केली आणि उशाखाली ठेवली. बाहेर नगर रोडचे हॉर्न. मला वाटलं, आता मला जायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर मी मुकाट्याने गेलो असतो.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नकाशावर लांडगा राहू दिला असतात, तर लांडगा दिसला म्हणून तुम्ही मान वर करून बघितलं असतंत का? लांडगा आहे, ठीक आहे, असं म्हणून फोन बंद करून घरी गेला असतात."

खरं होतं. शंभर टक्के खरं. मी तो काढला होता, म्हणूनच तो दिसणं मला खटकलं. आणि पुरावा आणा म्हणून बाईंना त्या काठावर पाठवणाराही मीच. हे दोन्ही एकत्र कुठे ठेवायचं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कोणी म्हणेल योगायोग, कोणी म्हणेल उन्हाने आणि अपराधीपणाने डोकं फिरलं. मीही तेच म्हणालो असतो. पण मी लांडगा पाहिला तेव्हा मला अपराधी वाटत नव्हतं हो, भारीच वाटत होतं. बाई खाणीत आहेत हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. आणि तो कान... कानाचं काय करायचं, ते सांगा.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. बाईंकडेही नाही, आणि नाही म्हणायला त्यांना लाज वाटत नाही. गेम लांडग्याशिवायच बाहेर आला. शाळांची पोरं माळावर येतात, चिंकारा बघून किंचाळतात. बाई आता काठी घेऊन चालतात. दर रविवारी सकाळी मी त्यांना येरवड्याहून गाडीवर घेतो आणि आम्ही दोघं माळावर जातो, एकाच जागी उभं राहायला. पाच महिने झाले. फोनवरही काही नाही, डोळ्यालाही नाही. बाई म्हणतात, नोंद नसली तरी चालेल. मला नोंदीचं काही पडलेलं नाही. मला फक्त ती एकदा दिसायला हवी आहे, कारण तिचे आभार कोणत्या तोंडाने मानायचे हे माझं अजून ठरलेलं नाही, आणि मानल्याशिवाय चैन पडत नाही.